डेंग्यू पुन्हा होतो का? आणि लसीला एवढी वर्षं का लागली?

तुम्ही विचारलंय की गेल्या वर्षी मुलाला डेंग्यू होऊन गेला, म्हणजे आता त्याच्या अंगात प्रतिकारशक्ती आली असेल, पुन्हा व्हायची भीती नाही ना? शिवाय एवढं संशोधन चालू असताना गोवरासारखी साधी लस का निघाली नाही, हाही प्रश्न आहे. आणि शेवटी जरा वैतागून, धूर मारून मारून डास का संपत नाहीत? प्रश्न तीन दिसतात, पण पहिल्याचं उत्तर नीट समजलं की दुसऱ्याचं निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

पुन्हा होऊ शकतो. डेंग्यूचा विषाणू एक नाही, चार आहेत. ज्या प्रकाराचा ताप येऊन गेला, त्याच्यापासून साधारण जन्मभर संरक्षण मिळतं. बाकीच्या तिघांपासून मिळणारं संरक्षण तात्पुरतं असतं, काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं. त्यानंतर वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर ती पहिल्यापेक्षा गंभीर होण्याची शक्यता जास्त. याचा अर्थ दुसरा डेंग्यू म्हणजे हमखास अतिदक्षता विभाग असा नाही. बहुतेकांचा दुसराही ताप घरीच बरा होतो. पण जे रुग्ण अत्यवस्थ होऊन येतात, त्यांतल्या बहुसंख्यांना डेंग्यू आधी कधीतरी होऊन गेलेला असतो, अनेकदा त्यांच्या नकळत. कारण पहिली लागण पुष्कळदा कळतही नाही. दोन दिवस कसकस वाटली, गेली.

हे उलटं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते अमेरिकी डॉक्टर स्कॉट हाल्स्टेड यांनी, १९६०च्या दशकात, बँकॉकमधल्या रुग्णांवरून. तिथे गंभीर डेंग्यू दोन गटांत दिसत होता. एक, दुसऱ्यांदा लागण झालेली मुलं. दुसरा गट मात्र कोड्यात टाकणारा होता. वर्षाच्या आतली बाळं, ज्यांची ही पहिलीच लागण होती. दुवा सापडला तो आयांमध्ये. त्यांना पूर्वी डेंग्यू झालेला होता आणि त्यांची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला रोखणारी रक्तातली प्रथिनं, नाळेतून बाळाकडे आली होती. जन्मानंतरचे पहिले काही महिने ती भरपूर असतात, बाळ सुरक्षित राहतं. सहाव्या ते नवव्या महिन्याच्या सुमारास ती इतकी विरळ होतात की विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. नेमक्या याच वयात बाळं जास्त आजारी पडत होती.

डेंग्यूचा विषाणू ज्या पांढऱ्या पेशींत वाढतो, त्या पेशींचं कामच मुळी प्रतिपिंड चिकटलेली वस्तू गिळणं हे आहे. प्रतिपिंडं पुरेशी असली तर आत गेलेला विषाणू निकामी झालेला असतो. अपुरी किंवा दुसऱ्या प्रकाराची असली, तर शिपायाने चोराला पकडून थेट तिजोरीच्या खोलीत नेऊन सोडावं तसं होतं.

या कल्पनेवर बरीच वर्षं वाद झाले. पण क्यूबाने नकळत तिची परीक्षा घेतली. तिथे १९७७मध्ये पहिल्या प्रकाराची मोठी साथ आली, आजार सौम्य होता. १९८१मध्ये दुसरा प्रकार आला आणि साडेतीन लाखांच्या आसपास लोक आजारी पडले, १५८ दगावले. गंभीर आजार मुख्यतः १९७७मध्ये लागण झालेल्यांना झाला. एक ते दोन वर्षांची मुलं, जी पहिल्या साथीनंतर जन्मली होती, ती जवळपास पूर्ण बचावली. पुढे १९९७मध्ये सांतियागो दे क्यूबा या शहरात पुन्हा दुसरा प्रकार शिरला, तेव्हा गंभीर आजारी पडले ते प्रौढ, वीस वर्षांपूर्वी पहिल्या प्रकाराला सामोरे गेलेले. म्हणजे 'फार वर्षं झाली, आता काय होतंय' हा दिलासा डेंग्यूत चालत नाही. २०१७मध्ये निकाराग्वातल्या मुलांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यातूनही तेच पक्कं झालं. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडं अजिबात नाहीत त्यांना धोका कमी, ज्यांच्यात भरपूर आहेत त्यांनाही कमी, मधल्या पातळीवर असलेल्यांना सर्वांत जास्त.

आता लसीकडे वळू. गोवराचा विषाणू प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने एकच आहे. लस चालली तर चाललीच, नाही चालली तर माणूस होता तिथेच राहतो. डेंग्यूत अर्धवट चाललेली लस माणसाला होता त्यापेक्षा वाईट जागी नेऊन ठेवू शकते. म्हणून चारही प्रकारांवर एकाच वेळी आणि टिकाऊ संरक्षण हवं. त्यात प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचा भरवसा नाही. साध्या उंदराला माणसासारखा डेंग्यू होत नाही. माकडाच्या रक्तात विषाणू वाढतो, पण ते आजारी पडत नाही. त्यामुळे खरी परीक्षा माणसांतच आणि तीही साथीच्या भागात, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून घ्यावी लागते. शिवाय रक्तातली प्रतिपिंडं किती झाली म्हणजे संरक्षण मिळालं, याची सरळ रेघ डेंग्यूत आखता येत नाही. थायलंडमधल्या रत्चबुरीत झालेल्या एका लसीच्या चाचणीत हे झणझणीतपणे कळलं. २०१२च्या त्या अहवालात मुलांच्या रक्तात चारही प्रकारांविरुद्ध प्रतिपिंडं दिसत होती, पण एकूण संरक्षण जेमतेम ३० टक्के होतं आणि दुसऱ्या प्रकाराविरुद्ध जवळपास शून्य.

ती लस म्हणजे सनोफी कंपनीची डेंगव्हॅक्सिया. तिची कहाणी मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो, कारण संशोधनात एक साधी गोष्ट राहून गेली तर किती महागात पडतं हे तिच्यात दिसतं. पुढच्या दोन मोठ्या चाचण्यांत, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत मिळून तीस हजारांहून जास्त मुलं होती. सरासरी संरक्षण ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात आलं. वाईट नव्हे. पण तिसऱ्या वर्षी आशियातल्या दोन ते पाच वयाच्या मुलांत उलटं दिसलं. लस घेतलेलीच जास्त प्रमाणात रुग्णालयात येत होती. कारण वय की आधी डेंग्यू न झालेला असणं? हे ठरवायला लस देण्याआधीच्या रक्ताचे नमुने हवेत. ते घेतले होते, पण मोजक्याच मुलांचे. दरम्यान डिसेंबर २०१५पासून लसीला परवाने मिळू लागले, नऊ वर्षांवरच्यांसाठी. २०१६मध्ये फिलिपिन्सने शाळांमधून मोहीम काढली आणि आठ लाखांहून जास्त मुलांना ती टोचली.

पुढचा भाग मला फार आवडतो. एरवी लोक इथे दोष देऊन थांबतात. लसीआधीचं रक्त नाही, पण पहिल्या डोसानंतर तेराव्या महिन्यातलं बहुतेकांचं साठवून ठेवलेलं होतं. त्यावरून मागचं कसं ओळखायचं? लसीमुळेही प्रतिपिंडं येतात आणि आजारामुळेही. मात्र ही लस पिवळ्या तापाच्या लसीच्या विषाणूवर बेतलेली होती. वरचं आवरण डेंग्यूचं, आतली यंत्रणा पिवळ्या तापाची. त्यामुळे एनएस-१ नावाचं प्रथिन लसीत डेंग्यूचं नव्हतंच. कुणाच्या रक्तात डेंग्यूच्या एनएस-१विरुद्ध प्रतिपिंडं सापडली, तर ती खऱ्या लागणीतून आलेली असणार. ही युक्ती लावून जुने नमुने पुन्हा तपासले आणि चित्र स्वच्छ झालं. आधी डेंग्यू होऊन गेलेल्यांना लसीचा चांगला फायदा होता. न झालेल्यांना मात्र ती पहिल्या लागणीसारखी ठरत होती आणि नंतर खरा विषाणू आला की तो दुसऱ्या लागणीसारखा वागत होता. नोव्हेंबर २०१७मध्ये कंपनीने हे जाहीर केलं, फिलिपिन्सने मोहीम थांबवली. लोकांचा राग इतका भडकला की इतर लसींवरचाही विश्वास ढासळला, आणि २०१९मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. विश्वास उडणं हे त्या साथीचं एकमेव कारण नव्हतं, पण कारणांपैकी ते होतंच. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे या लसीसाठी आधी रक्त तपासा असा सल्ला दिला, मागणी आटली आणि कंपनीने उत्पादन बंद करायचं ठरवलं.

म्हणून नंतरच्या लसींबद्दल बोलताना मी टक्केवारीआधी तीन गोष्टी बघतो. आधी डेंग्यू न झालेल्यांमध्ये काय झालं, चारही प्रकार चाचणीच्या काळात फिरत होते का आणि पाठपुरावा किती वर्षांचा. जपानच्या ताकेदा कंपनीची क्यूडेंगा ही लस तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा देतात. आठ देशांतल्या वीस हजार मुलांच्या चाचणीत साडेचार वर्षांनंतर डेंग्यूपासून सुमारे ६१ टक्के आणि रुग्णालयात दाखल होण्यापासून ८४ टक्के संरक्षण दिसलं. पण आधी डेंग्यू न झालेल्यांमध्ये तिसऱ्या प्रकाराविरुद्ध संरक्षण दिसलं नाही, आणि चौथ्या प्रकाराचे रुग्ण इतके कमी होते की काही ठरवता आलं नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२४मध्ये ती सरसकट सगळ्यांना द्या असं न म्हणता, जिथे संसर्ग खूप आहे तिथल्या ६ ते १६ वयोगटासाठी सुचवली. अशा भागात या वयापर्यंत बऱ्याच मुलांना एकदा लागण होऊन गेलेली असते. ब्राझीलच्या बुटांटान संस्थेची एका डोसाची लस त्या देशातल्या चाचणीत दोन वर्षांत सुमारे ८० टक्के संरक्षण देऊन गेली. आकडा देखणा आहे. मात्र त्या काळात तिथे तिसरा आणि चौथा प्रकार फिरतच नव्हता, त्यामुळे त्या दोघांबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

विषाणू मारणारं औषध का नाही, हेही लोक विचारतात. क्लोरोक्वीनपासून काही नव्या औषधांपर्यंत बरंच करून पाहिलं, रुग्णांत फरक पडला नाही. माझ्या मते मुख्य अडचण वेळेची आहे. माणूस तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो तेव्हा रक्तातला विषाणू आधीच उतरणीला लागलेला असतो. आणि जीव घेणारी अवस्था विषाणू जवळपास संपल्यावर सुरू होते.

धुराबद्दल. एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, घरातच राहतो, कपाटामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसतो. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा धूर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचला तरी त्या क्षणी उडणारे मरतात, अळ्या-अंडी तशीच राहतात, आणि आठवड्या-दीड आठवड्यात नवी पिढी उडू लागते. अनेक ठिकाणी हा डास नेहमीच्या कीटकनाशकांना सरावलाही आहे. धूर दिसतो, आवाज होतो, काहीतरी चाललंय असं वाटतं. माझ्या लेखी त्याचा तेवढाच उपयोग, साथ ऐन भरात असताना थोडा जास्त.

अंडी एकदा जवळून बघा. डासांचा अंदाज घ्यायला आम्ही काळ्या डब्यात पाणी ठेवतो आणि कडेला खरखरीत कागदाची पट्टी लावतो. आठवड्याने पट्टी काढली की पाण्याच्या रेषेच्या किंचित वर बारीक काळे ठिपके दिसतात, खसखशीपेक्षा लहान, नुसत्या डोळ्यांना काजळी वाटावी असे. मादी अंडी पाण्यात नाही, पाण्यालगतच्या ओल्या भिंतीवर घालते. ती सुकली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, पाणी पुन्हा तिथवर चढलं की फुटतात. म्हणून पिंपातलं पाणी नुसतं ओतून देऊन भागत नाही. आतली कड घासावी लागते, काथ्याने किंवा ब्रशने, आठवड्यातून एकदा. कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, छपरावर पडलेला टायर, सगळीकडे हेच.

मनापासून केलं तर हा डास हटतो, याला इतिहास साक्षी आहे. अमेरिकी आरोग्य अधिकारी फ्रेड सोपर यांच्या कडक पद्धतीच्या डासविरोधी मोहिमांनंतर १९५८मध्ये ब्राझील या डासापासून मुक्त म्हणून जाहीर झाला होता. लक्ष उडालं, शेजारून डास परतला. सिंगापूरचं उदाहरण त्याहून विचारात पाडणारं. १९७०च्या दशकापासून त्यांनी अळ्या सापडणाऱ्या घरांचं प्रमाण शंभरात एक-दोनवर आणलं आणि पुढे १९९०च्या दशकात डेंग्यू पुन्हा वाढला, प्रौढांत. डास कमी म्हणून लागण कमी, लागण कमी म्हणून लोकांत प्रतिकारशक्ती कमी. मग थोडे डासही साथ पेटवायला पुरले. यावरून डास मारू नयेत असं नव्हे. पण डास मोजून साथीचं भाकीत करता येत नाही, हे तिथून शिकावं.

सध्या मला सर्वांत जास्त आशा वाटते ती वोल्बाकियाची. हा जिवाणू अनेक कीटकांच्या पेशींत नैसर्गिकरीत्या असतो, एडिस इजिप्तीत मात्र सहसा नसतो. फळमाशीतला वोल्बाकिया या डासाच्या अंड्यात टोचून बसवला, तर त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. शिवाय तो आईकडून पुढच्या पिढीत जातो. वोल्बाकिया असलेल्या नराचं नसलेल्या मादीशी मीलन झालं तर अंडी फुटत नाहीत, त्यामुळे वोल्बाकियावाल्या माद्यांचा वंश पसरत जातो. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ स्कॉट ओ'नील यांच्या गटाने २०११मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ असे डास पहिल्यांदा सोडले. त्यानंतर इंडोनेशियातल्या योग्यकार्तामध्ये शहराचे २४ भाग केले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून १२ भागांत हे डास सोडले, १२ तसेच ठेवले. २०२१च्या निकालात डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्के आणि दाखल होणारे ८६ टक्के कमी भरले. डासनियंत्रणात अशी काटेकोर चाचणी क्वचितच होते, म्हणून मी तिला इतकं वजन देतो. आणि हे विषाणूच्या चारही प्रकारांवर चालतं, प्रतिपिंडांच्या भानगडीत पडावंच लागत नाही. अडचणी आहेत. फार तापलेल्या पाण्यात वाढलेल्या अळ्यांमध्ये हा जिवाणू विरळ होतो. आणि लोकांना डास सोडू द्यायला राजी करणं हे प्रयोगशाळेतल्या कामाइतकंच कष्टाचं आहे.

आता तुमच्या मुलाबद्दल. मागच्या वर्षीचा तपासणी अहवाल जपून ठेवा. तो एनएस-१चा होता की नुसत्या प्रतिपिंडांचा, हे डॉक्टरांना महत्त्वाचं. तुमच्याकडे लस मंजूर असेल आणि तो त्या वयोगटात बसत असेल, तर अशा मुलाला तिचा फायदा जास्त संभवतो, पण आजारानंतर किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

पुन्हा ताप आलाच तर तो कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. पहिल्या पाचेक दिवसांत एनएस-१ तपासणी उपयोगी, त्यानंतर प्रतिपिंडांची. तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. द्रव पदार्थ भरपूर.

खरं लक्ष द्यायचं ते ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. घरचे निर्धास्त होतात आणि तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो. वॉर्डात हे असं दिसतं. मूल शुद्धीत आहे, बोलतंय, आई म्हणते आज अंग गार आहे, बरं वाटतंय. हात धरला तर बोटं थंडगार. रक्तदाब १००/८५. वरचा आकडा पाहून कुणी पुढे जाईल, पण दोन आकड्यांतलं अंतर वीसच्या खाली आलंय, म्हणजे शरीर कसंबसं दाब टिकवून आहे. परिचारिका बारीक काचनळीत रक्त घेऊन यंत्रात फिरवते. तांबड्या पेशींचा थर सकाळी ३८ टक्के होता, आता ४७. रक्त घट्ट होतंय. इथून पुढचा तास-दोन तास निर्णायक, आणि उपाय साधा, शिरेतून मोजून दिलेला रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं साधं सलाईन. व्हिएतनाममधल्या मुलांवरच्या २००५च्या चाचणीत मध्यम शॉकसाठी, म्हणजे रक्ताभिसरण ढासळू लागलेल्या अवस्थेसाठी, महागड्या द्रवांपेक्षा तो कमी पडला नव्हता. एक-दोन दिवसांत झिरपणं थांबतं, बाहेर गेलेला द्रव आत परततो, तेव्हा सलाईन थांबवावंही लागतं, नाहीतर फुप्फुसांत पाणी भरतं. हे नीट जमलं तर मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली राहतं.

नातेवाईक मात्र दर तासाला एकच विचारतात, 'पेशी किती?' त्यांना म्हणायच्या असतात प्लेटलेट, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी. प्लेटलेटचा आकडा आजार कुठे पोहोचलाय ते सांगतो, पण रक्तस्राव नसताना नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळत नाही. सिंगापूर आणि मलेशियातल्या प्रौढांवरच्या चाचणीत, २०१७मध्ये, हे दिसलं, उलट चढवण्याचेच दुष्परिणाम जास्त निघाले. मुलाच्या बाबतीत तुम्ही त्याऐवजी हे विचारा: तांबड्या पेशींचा टक्का वाढतोय का, शेवटची लघवी कधी झाली, हात-पाय गरम आहेत का. आणि घरी असताना पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, सुस्ती किंवा उगाच चिडचिड, चार-सहा तास लघवी नाही, यांतलं एकही दिसलं तर ताप उतरलेला असला तरी, रात्र असली तरी, त्याला घेऊन निघा.